शोधणारा कुठे उभा आहे? छोट्या पर्यटन व्यवसायांचं लोकल एसईओ शिकणाऱ्यांसाठी

लोकल एसईओ, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर स्थानिक व्यवसाय वर दिसावा यासाठीचं काम, शिकायला घेतलं की समोर येणारी बहुतेक उदाहरणं दातांच्या दवाखान्याची, प्लंबरची नाहीतर सलूनची असतात. या व्यवसायांचा ग्राहक जवळपास राहतो आणि तिथूनच शोधतो. सहली नेणारी छोटी कंपनी, ट्रेकचा गाइड, बोटसफर, होमस्टे, भाड्याची गाडी यांचं तसं नसतं. त्यांचा ग्राहक शोध घेताना अनेकदा दुसऱ्या शहरात, कधी दुसऱ्या देशात असतो. मी अशाच व्यवसायांसाठी काम करते. या कामात नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं, की कीवर्डची, म्हणजे लोक शोधात लिहितात त्या शब्दांची, यादी करण्याआधी शोधणारा कुठे उभा आहे ते समजून घ्या.

नकाशावरचे निकाल कसे ठरतात याबद्दल गूगल स्वतः तीन गोष्टी सांगतं: शोधाशी जुळणं, अंतर आणि व्यवसायाची प्रसिद्धी. यातल्या अंतराचा अर्थ पर्यटनात बदलतो. शोधात ठिकाणाचं नाव असेल तर त्या ठिकाणापासूनचं अंतर पाहिलं जातं, नाव नसेल तर शोधणाऱ्याच्या जागेपासूनचं. त्यामुळे एकाच व्यवसायाला दोन अगदी वेगळे ग्राहक मिळतात. एक घरी बसून काही आठवडे आधी सहल आखतो. तो सावकाश वाचतो, तीन-चार पर्याय पडताळतो, मुलांना झेपेल का, पाऊस आला तर काय, हे शोधतो. दुसरा ठिकाणावर पोहोचलेला असतो आणि उद्या सकाळी काय करायचं हे त्याला आज रात्री ठरवायचं असतं. तो नकाशा उघडतो, फोटो आणि रिव्ह्यू चाळतो, आता उघडं आहे का बघतो आणि फोन लावतो. पहिल्यासाठी वेबसाइटवरचा मजकूर निर्णायक, दुसऱ्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी व्यवसायाची नोंद. व्यवसायाकडे यातला कोणता ग्राहक जास्त येतो, ते कळल्याशिवाय मी कशालाच हात लावत नाही.

हे कळतं मालकाशी आणि त्याहूनही जास्त फोन उचलणाऱ्या माणसाशी बोलून. बुकिंग किती दिवस आधी होतं? लोक पहिला प्रश्न कोणता विचारतात? मालकाच्या माहितीपत्रकात ‘निसर्गानुभव’ असतो; फोनवरचा माणूस विचारतो, ‘आजी-आजोबांना चढता येईल का?’ शोधाच्या खिडकीतही तो जवळपास हेच लिहितो. कोणत्याही कीवर्डच्या साधनापेक्षा अशा तासाभराच्या गप्पांतून मला जास्त मिळालं आहे.

आता प्रोफाइल. शिकताना एक काळजी घ्या: धड्याची तारीख आधी बघा. ही सेवा २०१४ मध्ये गूगल माय बिझनेस या नावाने आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिचं नाव बदलून गूगल बिझनेस प्रोफाइल झालं. प्रोफाइलमधून फुकट तयार होणाऱ्या छोट्या वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाल्या, चॅटची सोय त्याच वर्षी जुलैअखेर गेली. तरीही या गोष्टी ‘करायलाच हव्यात’ म्हणून सांगणारे व्हिडिओ अजून फिरत आहेत.

प्रोफाइलमध्ये सगळ्यात वजनदार निर्णय मुख्य कॅटेगरीचा. एक मुख्य आणि आणखी नऊपर्यंत पूरक कॅटेगरी देता येतात. स्वतः सहली नेणारे अनेक जण सवयीने ‘ट्रॅव्हल एजन्सी’ निवडतात, कारण बोलताना आपण सगळ्यांनाच ट्रॅव्हल एजंट म्हणतो. पण ‘टूर ऑपरेटर’, ‘साइटसीइंग टूर एजन्सी’, ‘बोट टूर एजन्सी’ अशा वेगळ्या कॅटेगरी आहेत, आणि तिकिटं काढून देणारा आणि बोटीतून फिरवणारा हे गूगलच्या दृष्टीने वेगळे. तुमच्या ठिकाणी त्या शोधात वर दिसणाऱ्यांनी काय निवडलंय ते पाहा, मग ठरवा. राहण्याच्या सोयीसाठी हॉटेल गटातली कॅटेगरी निवडली तर प्रोफाइलचं रूपच बदलतं: चेक-इनच्या वेळा, सुविधांची यादी, बुकिंगचे दुवे येतात, आणि स्वतः लिहिलेल्या वर्णनासारख्या काही नेहमीच्या गोष्टी मिळत नाहीत. होमस्टेचं काम घेताना हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

पत्त्याचा प्रश्न पर्यटनात सगळ्यात नाजूक आहे. कितीतरी गाइड घरून काम करतात आणि पर्यटकांना धक्क्यावर किंवा पायथ्याशी भेटतात. मग मोह होतो की पिन त्या भेटीच्या जागी टाकावी, कारण शोध तिथेच होतात. नियम असा आहे की ग्राहक प्रत्यक्ष येतात आणि दिलेल्या वेळेत तुमचा माणूस तिथे हजर असतो, असाच पत्ता दाखवायचा. नाहीतर पत्ता लपवून सेवाक्षेत्र द्यायचं. अशी क्षेत्रं वीसपर्यंत देता येतात, आणि त्यांची एकूण हद्द मूळ जागेपासून गाडीने साधारण दोन तासांच्या पलीकडे जाऊ नये असं गूगल सांगतं. सेवाक्षेत्रात दहा गावं भरली म्हणून दहाही गावांत वर दिसायला लागलेला व्यवसाय मी अजून पाहिलेला नाही. भाड्याचं आभासी ऑफिस किंवा टपालपेटीचा पत्ता चालत नाही. व्यवसायाच्या नावातही पाटीवर आहे तेवढंच लिहायचं. ‘अमुक टूर्स – स्वस्त बोटसफर, ट्रेक, टॅक्सी’ असं नाव काही काळ वर नेतंही. पण कोणी तक्रार केली की नाव बदललं जातं किंवा प्रोफाइल स्थगित होते. ती परत मिळवायला नोंदणीची कागदपत्रं, पाटीचे फोटो द्यावे लागतात, वाट पाहावी लागते. ऐन हंगामात हे झालं तर छोट्या व्यवसायाचं वर्षाचं गणित बिघडतं. म्हणून मी ही वाट कोणालाही सुचवत नाही, मालकाने आग्रह धरला तरी.

वेळांबद्दल थोडंसं. हंगाम संपला की अनेक जण प्रोफाइल ‘तात्पुरतं बंद’ करून टाकतात. ठिकाणावरच्या पर्यटकासाठी ते योग्य वाटतं, पण पुढच्या हंगामाची आखणी करणारा घरी बसून नेमकी तीच लाल ओळ वाचतो आणि पुढे सरकतो. ऑफिस आणि फोन चालू असतील तर ऑफिसच्या खऱ्या वेळा ठेवा आणि सहली कधी सुरू होणार ते वर्णनात, वेबसाइटवर ठळक लिहा. खरंच कुलूप असेल तर मात्र बंदच दाखवा.

रिव्ह्यू मागायची पर्यटनातली योग्य वेळ फार थोडी असते. सहल संपते, माणूस खूश असतो, आणि काही तासांत तो गावाबाहेर जातो. घरी पोहोचल्यावर गेलेल्या ईमेलपेक्षा निरोप घेताना गाइडने स्वतः केलेली विनंती जास्त चालते. प्रोफाइलमधून रिव्ह्यूचा छोटा दुवा आणि क्यूआर कोड मिळतो, तो गाइडच्या ओळखपत्रामागे छापून द्या. बदल्यात सवलत देणं, किंवा आधी ‘आवडलं का’ विचारून फक्त खूश लोकांनाच दुवा पाठवणं, दोन्ही नियमबाह्य आहेत. रिव्ह्यूतले शब्द शोधाशी जुळले तर गूगल ती ओळ निकालात उचलून दाखवतं, त्यामुळे ‘छान होतं’पेक्षा ‘सहा वर्षांच्या मुलीलाही झेपलं’ हे वाक्य खूप मोलाचं. असं वाक्य पर्यटकाच्या तोंडात घालू नका. फक्त ‘पुढच्या पर्यटकाला उपयोगी पडेल असं काहीतरी लिहा’ एवढं सांगा. उत्तर लिहिताना पुढचा वाचणारा डोळ्यासमोर ठेवा. वाऱ्यामुळे सफर रद्द झाली म्हणून कोणी एक तारा दिला, तर रद्द का करावी लागते आणि पैसे कसे परत मिळतात, हे शांतपणे सांगणारं उत्तर पुढच्या अनेकांची शंका मिटवतं.

वेबसाइटकडे वळलं की छोट्या पर्यटन व्यवसायात एक गोष्ट वारंवार दिसते: सगळा कार्यक्रम एका रंगीत पोस्टरच्या चित्रात किंवा पीडीएफमध्ये असतो. चित्रातला मजकूर पानावरच्या मजकुराची जागा घेऊ शकत नाही, आणि फोनवर तो वाचवतही नाही. प्रत्येक सहलीला स्वतंत्र पान द्या. त्यावर किती वेळ लागतो, कुठे भेटायचं, स्थानकावरून तिथे कसं यायचं, चढ किती, वयाची अट, सोबत काय आणायचं, हवामान बिघडलं तर काय, हे साध्या वाक्यांत लिहा. फोनवर विचारले जाणारे प्रश्न इथे कामी येतात. ‘अमुक गावात फिरायला काय आहे’ अशा मोठ्या शोधांत मोठी बुकिंग पोर्टल समोर असतात, तिथे छोट्याने शक्ती घालवू नये. ‘लहान मुलांसोबत सकाळची बोटसफर’ या शोधात ताजं, नेमकं पान जागा मिळवू शकतं. एकच मजकूर घेऊन फक्त शहराचं नाव बदलत पानांची रांग लावू नका, गूगलच्या स्पॅम धोरणात अशा पानांचा स्पष्ट उल्लेख आहे. एखाद्या शहरातून येणाऱ्यांसाठी खरंच वेगळी माहिती असेल, गाडी कुठली, किती वाजता निघायचं, तर ते पान जरूर करा.

स्कीमा, म्हणजे पानावरची माहिती शोधयंत्राला नीट कळावी म्हणून कोडमध्ये लावायच्या खुणा, शिका, पण त्यात अडकून पडू नका. २०११ मध्ये गूगल, बिंग आणि याहूने मिळून सुरू केलेल्या या शब्दसंग्रहात ‘ट्रॅव्हल एजन्सी’ आणि ‘टूरिस्ट ट्रिप’ असे प्रकार आहेत. नाव, पत्ता, वेळा नीट कळवायला त्यांचा उपयोग होतो. स्वतःच्या वेबसाइटवर स्वतःचेच रिव्ह्यू टाकून निकालात तारे मिळवण्याचा मार्ग मात्र गूगलने सप्टेंबर २०१९ मध्ये बंद केला. वेगाकडे जास्त लक्ष द्या. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा हे गूगलचं मापन आहे, आणि पर्यटनाच्या पानांवरचे अवजड फोटो ते सहज मोडतात. डोंगरात दोन काड्यांच्या नेटवर्कवर ते पान उघडून पाहा.

बिंग प्लेसेस, अ‍ॅपल मॅप्स, ट्रिपअ‍ॅडव्हायझर, ओपनस्ट्रीटमॅप इथेही नाव, पत्ता, फोन एकसारखा ठेवा. हे एका दुपारचं काम आहे. त्याहून मोलाचे असतात ज्यांच्यासोबत व्यवसाय रोज काम करतो त्यांचे दुवे: पर्यटक पाठवणारा होमस्टे, स्थानिक पर्यटन मंडळ, एखादी स्पर्धा किंवा महोत्सव.

मोजण्याबाबत नवख्यांना एक सवय लावायला हवी. स्वतःच्या फोनवर शोधून ‘आपण पहिले आहोत’ असं कधीच म्हणू नका. ऑफिसात बसून शोधलं की अंतर तुमच्या बाजूने असतं, आणि गुप्त खिडकी उघडली तरी जागा लपत नाही. नकाशावर जाळी टाकून ठिकठिकाणचं स्थान दाखवणारी साधनं वापरा. सर्च कन्सोलमध्ये (वेबसाइटवर शोधातून कोण येतं ते दाखवणारं गूगलचं साधन) कोणत्या देशातून, कोणत्या शब्दांनी लोक आले ते पाहा. प्रोफाइलमधल्या वेबसाइटच्या दुव्याला यूटीएम (माणूस कुठून आला ते सांगणारी दुव्याची शेपटी) जोडा, नाहीतर भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये नकाशावरून आलेले आणि साध्या शोधातून आलेले एकातच मिसळतात. प्रोफाइलमधले दिशादर्शनाचे आकडे बहुतेक पोहोचलेल्यांचे असतात, सहलीच्या पानांवर रेंगाळणारे बहुतेक आखणी करणारे. दोन्ही आकडे मालकापुढे वेगवेगळे ठेवले की पुढच्या महिन्यात कशावर काम करायचं यावर वाद होत नाही.

पहिलं काम घ्याल तेव्हा प्रोफाइलची मुख्य मालकी व्यवसायाच्या मालकाच्याच ईमेलवर ठेवा आणि स्वतः मॅनेजर म्हणून जोडून घ्या. आधीच्या एजन्सीच्या खात्यात अडकलेली प्रोफाइल सोडवण्यात हंगामाचे पहिले आठवडे जाताना मी पाहिले आहेत. नव्याने जोडलेल्या मॅनेजरला काही अधिकार मिळायला सात दिवस थांबावं लागतं, म्हणून ही विनंती कराराच्या दिवशीच पाठवा, आणि तो आठवडा फोनवरचे प्रश्न लिहून घेण्यात घालवा.