व्यसनमुक्ती केंद्रात मदतनीस म्हणून काम करताना या चुका टाळा

निवासी व्यसनमुक्ती केंद्रात डॉक्टरांची फेरी होते, समुपदेशक संध्याकाळी घरी जातात आणि रात्रभर वॉर्डात असतो तो मदतनीस. कुठे त्याला केअरटेकर म्हणतात, कुठे वॉर्डन. ठाणे-नवी मुंबईत या कामाला येणारी बरीच मुलं आधी सिक्युरिटीत किंवा हॉस्पिटलच्या वॉर्डात काम केलेली असतात, काही स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली असतात. नवीन माणसाला वाटतं, पेशंट पळू नये एवढं पाहिलं की झालं. काम त्याहून मोठं आहे: पाहायचं, लगेच लिहायचं आणि वेळेत कळवायचं. खालच्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एक राहून गेल्याने होतात.

दाखल झाल्यापासून तास मोजणे

दारूच्या पेशंटचे तास शेवटच्या घोटापासून मोजायचे, दाखल झाल्याच्या वेळेपासून नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 8 तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, चिडचिड सुरू होते. आकडी येण्याचा धोका 6 ते 48 तासांत जास्त असतो. सगळ्यात गंभीर प्रकार म्हणजे डिलिरियम, म्हणजे भान हरपून भास होणं, तो बहुधा 48 ते 96 तासांत दिसतो. शनिवारी दुपारी 12 ला शेवटचा पेग घेतला असेल, तर सोमवार दुपारपासून बुधवार दुपारपर्यंतचा काळ डोळ्यांत तेल घालून पाहायचा. नेमकं तेव्हाच ‘दोन दिवस झाले, आता बरा आहे’ म्हणून लक्ष ढिलं पडतं.

शेवटचा घोट कधीचा, हे नातेवाइकांना बाजूला घेऊन वेगळं विचारा. माणूस निमूट गाडीत बसावा म्हणून घरच्यांनीच वाटेत क्वार्टर पाजलेली असते आणि पेशंटसमोर ते कबूल करायला त्यांना लाज वाटते. सोबत झोपेच्या गोळ्या चालू होत्या का, हेही विचारा. त्या अचानक बंद झाल्या तर आकडी आठवड्याभरानेही येऊ शकते.

‘झोपलाय, झोपू दे’

शांत झोपलेला पेशंट आणि शुद्ध हरपत चाललेला पेशंट दारातून सारखेच दिसतात. जवळ जा. छातीकडे बघून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मिनिटाला 12 पेक्षा कमी श्वास, घशात घरघर, ओठ किंवा नखं निळसर, हाक मारून आणि खांदा हलवूनही जाग नाही, यातलं काहीही दिसलं तर ती झोप नव्हे. कुशीवर वळवा, डॉक्टरांना आणि 108 ला फोन करा. श्वास थांबलाच तर पाठीवर सपाट झोपवून सीपीआर सुरू करा. ब्राऊन शुगर किंवा कोडीनच्या सिरपवरच्या पेशंटने आत काही लपवून आणून घेतलं असेल, तर असंच चित्र दिसतं.

दारूच्या पेशंटची पहिल्या काही दिवसांतली तपासणी पाच मिनिटांची आहे. दोन्ही हात समोर ताणून बोटं फाकवायला सांगा. बोटांच्या टोकांना बारीक थरथर आहे की अख्खा पंजा हलतोय, ते बघा. कपाळ आणि तळहात ओले आहेत का? नाडी, बीपी, ताप घ्या. मग विचारा: आज वार कोणता, आपण कुठे आहोत, सकाळी जेवायला काय होतं. दर किती तासांनी तपासायचं आणि कोणत्या आकड्याला फोन करायचा, हे आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन भिंतीवर लावा. त्रास वाढत असेल तर चार-चार तासांचं अंतर फार होतं.

डिलिरियमला नाटक समजणे

पेशंट चादरीवरचे न दिसणारे किडे वेचतो, भिंतीवर कोणी आहे म्हणतो, मध्यरात्री ड्युटीला निघायची घाई करतो. याला कोणी नाटक म्हणतं, कोणी बाहेरची बाधा. हा मेंदूवर आलेला जिवावरचा प्रसंग आहे आणि त्याला हॉस्पिटल लागतं. गाडी येईपर्यंत खोलीत दिवा चालू ठेवा, एकाच माणसाने हळू आवाजात बोला, बाकीच्या पेशंटना बाहेर काढा. किडे नाहीत म्हणून वाद घालू नका. ‘मी इथेच आहे, तुम्ही केंद्रात आहात’ एवढं पुन्हा पुन्हा सांगितलं की पुरतं.

आकडी आली तर चप्पल हुंगवणं, कांदा फोडणं, दातांत चमचा घालणं हे सगळं बंद. आजूबाजूचं टणक सामान हलवा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल सरकवा, घड्याळात वेळ मोजा, झटके ओसरले की कुशीवर वळवा. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा तोंडात घालायचं नाही. व्यसन सोडतानाच्या काळातली आकडी दोन मिनिटांत थांबली तरी डॉक्टरांना लगेच कळवायची. पाच मिनिटं ओलांडली किंवा लागोपाठ दुसरी आली तर 108.

घरचे ‘एक ग्लुकोजची बाटली लावा, ताकद येईल’ म्हणून मागे लागतात. दारूने शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. सलाईनचा निर्णय डॉक्टरांचा, आणि लावायचं तेही नर्सने.

घोडबंदर रोडच्या बाजूला काम करणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा: रात्री अवजड वाहनं सुटतात आणि गायमुखला कोंडी झाली की ॲम्ब्युलन्सही अडकते. फोन करू की नको, यात अर्धा तास घालवायची चैन आपल्याला परवडत नाही. कळव्याच्या हॉस्पिटलला न्यायचं, सिव्हिलला की जवळच्या खासगीत, हे दाखल करतानाच नातेवाइकांशी ठरवून फाइलच्या पहिल्या पानावर लिहा. वाशी-पनवेलकडेही हेच.

गोळी हातावर ठेवून पुढे जाणे

औषधवाटपात सगळ्यात जास्त घोटाळे होतात. गोळी गालात ठेवून नंतर थुंकणं, चार दिवसांच्या साठवून एकदम घेणं, बिडीच्या बदल्यात दुसऱ्याला देणं, हे सगळं घडतं. एका वेळी एकच पेशंट टेबलाशी बोलवा, बाकीचे रेषेमागे. नाव त्यालाच सांगायला लावा, फाइलवरचा फोटो बघा. गोळी पट्टीतून त्याच्यासमोर काढा, अर्धा ग्लास पाणी पूर्ण प्यायला लावा. मग तोंड उघडून जीभ वर, दोन्ही गाल, वरचा ओठ आणि हिरडी यांमधली फट. त्यानंतर दोन वाक्यं बोलायला लावा, गोळी तोंडात असली की शब्द अडखळतात. जिभेखाली विरघळायची गोळी असेल तर पाणी द्यायचं नाही, ती पूर्ण विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवायचं.

रजिस्टरमध्ये सही गोळी गिळल्यानंतर. वेळ वाचवायला आधीच सगळ्यांच्या नावापुढे टिक मारून ठेवली आणि मधेच कोणाला उलटी झाली, तर खरं काय झालं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. उलटी झाली तर आपल्या मनाने दुसरी गोळी देऊ नका, वेळ लिहा आणि विचारा. पाळी बदलताना झोपेच्या गोळ्या दोघांनी मिळून मोजायच्या. कपाटाची चावी पेशंटकडे कधीच नाही, मग तो कितीही ‘सिनियर’ आणि विश्वासू असो. तीन महिने नशेपासून दूर राहिलेल्या माणसाच्या हाती ती चावी देणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

झडती फक्त बॅगेची

टूथपेस्टची मागची घडी, चपलेचा तळ, पट्ट्याची आतली बाजू, कॉलर, नाडीचा नेफा, बिडीचं बंडल, घरून आलेले लाडू हे सगळं बघायचं. पण माणसाची अब्रू राखून: पडद्याआड, दोन कर्मचारी, बाईंची झडती बाईनेच. केंद्राच्या आतलं सामानही नशेचं असतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सॅनिटायझर, माउथवॉश, खोकल्याचं औषध, व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन आणि स्वयंपाकघरातलं जायफळसुद्धा कुलपात ठेवा. डायसल्फिराम (दारू घेतली तर त्रास होतो अशी दारू सोडवण्याची गोळी) घेणाऱ्याच्या जवळ स्पिरिटवालं आफ्टरशेव्हदेखील नको.

बांधणे, कोंडणे, टक्कल करणे

या बाबतीत ‘पूर्वी असंच चालायचं’ हे उत्तर चालणार नाही. व्यसनामुळे होणारे मानसिक आजार मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, 2017 मध्ये येतात. एकट्याला खोलीत कोंडण्यास त्यात पूर्ण बंदी आहे. कलम 97 नुसार तत्काळ इजेचा धोका असेल आणि दुसरा मार्गच नसेल तरच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने, नोंद करून आणि गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. सक्तीने केस कापणंही बेकायदा आहे. चिडलेल्या पेशंटशी दोन हात अंतर ठेवून, किंचित बाजूला उभं राहून, हात दिसतील असे ठेवून बोललात तर बहुतेक प्रसंग तिथेच निवळतात. त्याला दाराकडे जायची वाट मोकळी ठेवा.

‘गर्दुल्ला’, ‘बेवडा’ हे शब्द कर्मचाऱ्यांच्या खोलीतही वापरू नका. तिथे वापरले की वॉर्डात तोंडातून निघतातच. माणसाला नाव आहे, त्या नावाने हाक मारा, वयाने मोठ्यांना काका किंवा दादा.

एमडीच्या पेशंटला ‘सोपा’ समजणे

एमडी म्हणजे मेफेड्रोन, उत्तेजित करणारी नशा. ती सोडणाऱ्याला थरथर नाही, उलट्या नाहीत. तो नुसता झोपतो आणि खातो. पण नशा उतरली की मन खोल खचतं आणि जीव द्यायचे विचार याच दिवसांत येतात. बाथरूमची कडी बाहेरून उघडणारी हवी, फिनाइल कुलपात, ब्लेड मोजून द्यायचं आणि मोजून परत घ्यायचं. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात घुसत नाही. उत्तर हो आलं तर त्याला क्षणभरही एकटं न सोडता डॉक्टरांना फोन.

‘पेशंट ठीक’

पाळीच्या वहीतली ही नोंद निरुपयोगी आहे. असं लिहा: ‘रात्री 2.10 ला उठले. तीनदा बाथरूम. दोन्ही हात थरथरत होते, नाडी 112. वार चुकीचा सांगितला. 2.20 ला डॉक्टरांना फोन, सांगितलेली गोळी 2.30 ला दिली. 3.15 ला नाडी 96, जागे, बोलत आहेत.’ सकाळच्या माणसाला यावरून पुढचं ठरवता येतं.

फोनवर कोणी ‘अमुक तुमच्याकडे आहे का?’ विचारलं तर हो किंवा नाही, दोन्ही सांगायचं नाही. ‘अशी माहिती फोनवर देत नाही, तुमचा नंबर द्या.’ सोसायटीतला शेजारी, ऑफिसचा साहेब, सख्खा मेहुणा, सगळ्यांना हेच. केंद्रातल्या पाडव्याचे फोटोही स्टेटसला टाकू नका.

घरी सोडताना फक्त सामान मोजणे

ब्राऊन शुगरच्या पेशंटला सर्वांत जास्त धोका बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत असतो. शरीराची सवय उतरलेली असते आणि त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबतो. हे पेशंटला आणि घरच्यांना, दोघांनाही समोर बसवून स्पष्ट सांगा. दारूच्या पेशंटला डायसल्फिराम चालू असेल तर गोळी बंद केल्यावरही दोन आठवडे दारूशी रिॲक्शन येऊ शकते, हे सांगा. पुढच्या तपासणीची तारीख, गोळ्यांच्या वेळा आणि 14446 ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या.

सोडायची वेळ सकाळची ठेवा. गटारी, होळी किंवा थर्टीफर्स्टच्या आदल्या दिवशी सुट्टी ठरत असेल तर समुपदेशकांना विचारून ती पुढे ढकलता येते का बघा. न्यायला कोण येणार, त्याचं नाव आणि नंबर आदल्या रात्रीच वहीत हवा. ‘ठाणे स्टेशनला भाऊ भेटणार आहे’ एवढ्यावर एकट्याला रिक्षात बसवू नका. भाऊ केंद्राच्या दारात येऊ दे.