उघड्यावर राहणाऱ्या कुटुंबांसोबत नाताळ: मंडळांसाठी तयारीची यादी

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार उजाडला, की इगर्जीच्या (चर्चच्या) मंडळांत आणि वाड्यावाड्यांच्या गटांत बेघर कुटुंबांना मदत करण्याचा विषय निघतो. गोव्यात तोवर उशीर झालेला असतो, कारण २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताच्या (सणाच्या) नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थना, सुरू होतात, त्यापाठोपाठ ३ डिसेंबरचे फेस्त आणि पणजीचे ८ डिसेंबरचे फेस्त येते, आणि १६ तारखेपासून नाताळच्या नोव्हेना लागल्या, की कोणाही कार्यकर्त्याची संध्याकाळ मोकळी राहत नाही. म्हणून तयारीची पहिली बैठक नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात घ्यावी. त्या बैठकीत वस्तूंची यादी करू नये, कोणी कुठे जाऊन कुटुंबांची ओळख करून घ्यायची एवढेच ठरवावे.

म्हापशाचा बाजार, कदंब बसस्थानके, मडगाव आणि वास्कोच्या रेल्वे स्थानकांचा परिसर, बंद दुकानांच्या ओसऱ्या, पुलांखालची जागा आणि बांधकामाशेजारच्या प्लास्टिकच्या झोपड्या अशा ठिकाणी ही कुटुंबे आढळतात. दोघादोघांनी जावे, आणि दर खेपेला तेच दोघे असावेत. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या संत विन्सेंट दि पॉल सोसायटीने जोडीने भेटीला जाण्याची हीच रीत रूढ केली, आणि तिची उपयुक्तता अजून कमी झालेली नाही. जोडीत एक स्त्री असावी, आणि दोघांपैकी एकाला तरी कन्नड, लमाणी किंवा हिंदी बोलता यावी, कारण यांतली बरीच माणसे बागलकोट, विजापूर, गदग या भागांतून आलेली असतात. वयाने मोठ्या बाईला अक्का किंवा मावशी म्हणावे. घाटापलीकडून आलेल्यांना हिणवणारा ‘घाटी’ हा शब्द कार्यकर्त्यांच्या आपसातल्या बोलण्यातही नसावा, कारण तो मुलांच्या कानांवर आधी पडतो. जाण्याची वेळ कामावरून परतल्यानंतरची, म्हणजे सातनंतरची ठेवावी.

या भेटींतून तयार होणारी नावांची यादी एकाच जबाबदार व्यक्तीकडे कागदावर राहावी, आणि ती व्हॉट्सअ‍ॅप गटावर कदापि टाकू नये. पर्यटनाच्या हंगामात फुटपाथ मोकळे करण्याची मोहीम कधीही निघू शकते, आणि कोणते कुटुंब कुठे झोपते याची तयार नोंद भलत्या हातात पडली, तर आपलीच मदत त्यांना उठवण्यास कारण ठरेल. नोंदीत कुटुंबातील माणसे, मुलांची वये व पायांची मापे, गरोदर किंवा आजारी कोणी असल्यास ते, आणि कुटुंबाने स्वतः सांगितलेली गरज एवढेच असावे.

तारीख ठरवताना मंडळाची सोय मागे ठेवावी. २४ डिसेंबरची रात्र इगर्जीला सोयीची वाटली, तरी रस्त्यावर फुगे, सांताच्या टोप्या आणि चमकत्या काठ्या विकणाऱ्या कुटुंबासाठी ती वर्षातील मोठ्या कमाईची रात्र असते. त्या रात्री जेवणासाठी सभागृहात बोलावणे म्हणजे त्यांचा धंदा बुडवणे होय. बहुतेक ठिकाणी २६ तारखेची दुपार किंवा २० च्या आसपासची एखादी संध्याकाळ बरी पडते. परंतु हा अंदाज आहे, विचारूनच नक्की करावे.

वस्तूंच्या बाबतीत सर्वांत आधी ब्लँकेटांचा ढीग आवरावा. गोव्यात डिसेंबरच्या रात्रीही पारा सहसा २० अंशांच्या आसपास असतो; उघड्यावर झोपणाऱ्याला दव आणि डास यांचा त्रास थंडीपेक्षा जास्त होतो. त्यामुळे दोन माणसे मावतील अशी मच्छरदाणी, ती बांधायला नायलॉनची दोरी, जाड चटई आणि कडांना भोके असलेली ताडपत्री यांना प्राधान्य द्यावे. मलेरिया आणि डेंग्यू बांधकामांच्या आसपास वारंवार आढळतात, म्हणून मच्छरदाणी ही चैन समजू नये. यानंतर, बाहेरच्या माणसाला सहसा न सुचणारी वस्तू म्हणजे कुलूप लागणारी लहान पेटी. आधार कार्ड, मुलांचे जन्मदाखले आणि साठवलेले चार पैसे पिशवीत ठेवले, की भिजतात किंवा चोरीला जातात. जुने कपडे घ्यायचे असतील, तर ते धुतलेले, बटणे व नाड्या शाबूत असलेले आणि मापानुसार वेगळे केलेले असावेत. आतले कपडे, सॅनिटरी पॅड आणि मुलांच्या चपला मात्र नव्याच घ्याव्यात. इगर्जीच्या सभागृहाची न्हाणीघरे आठवड्यातून दोन संध्याकाळी, स्त्रियांसाठी वेगळ्या वेळेत, उघडी ठेवता आली, तर भेटवस्तूंच्या कुठल्याही पिशवीपेक्षा ती सोय अधिक मोलाची ठरेल.

जेवण सर्वांना चालेल असे, म्हणजे शाकाहारी करावे. पंगतीत लिंगायत, लमाणी आणि मुसलमान कुटुंबे एकत्र बसणार असतील, तर सोरपोतेल, म्हणजे डुकराच्या मांसाचे कालवण, घरच्यांपुरते ठेवावे. भाताबरोबर ज्वारीच्या भाकरीची व्यवस्था ठेवल्यास म्हातारी माणसे पोटभर जेवतात. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत वाढून संपावे, आणि उरलेले बांधून देण्याचा मोह टाळावा. गोडधोड मात्र डब्यात भरून द्यावे, आणि तेही आपल्याकडील कोन्सुआदच्या, म्हणजे नाताळचे गोड शेजाऱ्यांकडे पाठवण्याच्या, रीतीने. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल आणि दोस आपण शेजाऱ्याच्या घरी झाकलेल्या तबकातून पाठवतो. दुखवट्यामुळे ज्या घरी गोड केले जात नाही, तिथेही शेजारीच पोचवतात. त्याच रीतीने हे तबक आपल्या जोडीने कुटुंबाच्या जागी नेऊन द्यावे, रांग लावून वाटू नये. शेजारधर्म हिंदू घरांनाही ठाऊक आहे, म्हणून नेवऱ्या करण्याच्या कामात वाड्यावरच्या हिंदू बायकांना जरूर बोलवावे. म्हापशाच्या इगर्जीतील मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्या हिंदू म्हापसेकरांना यात नवे काही वाटणार नाही.

जेवणाआधी प्रार्थना असेल, तर ती कार्यकर्त्यांनी आपापसात आधी आटोपावी. ताट आणि प्रार्थना यांचा संबंध जोडला गेला, असे एकाही पाहुण्याला वाटता कामा नये. मुलांचे फोटो काढून प्रसिद्ध करू नयेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे ७४ वे कलम काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई करते, आणि बेघर मूल या व्याख्येत येते. देणगीदारांना हिशेबाची पावती पुरेशी असते.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रांसाठी राखून ठेवावा. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेमुळे अन्न सुरक्षा कायद्याखाली आलेल्या कर्नाटकातील कुटुंबाला गोव्यातील रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येते, आणि गावी राहिलेल्या माणसांना आपला वाटा तिथे घेता येतो. प्राधान्य गटाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळते. अनेकांना हे माहीत नसते, किंवा आधार जोडलेला नसल्याने यंत्र अंगठा नाकारते. एका कार्यकर्त्याने कुटुंबासोबत दुकानात जाऊन हे काम पूर्ण करावे. नुसती माहिती देऊन भागत नाही. इथे जन्मलेल्या मुलाची नोंद २१ दिवसांत झाली नसेल, तर विलंबाचे शुल्क आणि वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, म्हणून ही प्रकरणे डिसेंबरमध्येच हातात घ्यावीत. वयाचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात स्पष्ट आहे.

निवाऱ्याची चौकशी आधीच, स्वतः जाऊन करावी. केंद्राच्या शहरी बेघर निवारा योजनेत एक लाख लोकवस्तीमागे किमान १०० माणसांचा निवारा धरला होता. प्रत्यक्षात आपल्या शहरात काय आहे, रात्री किती वाजेपर्यंत प्रवेश मिळतो आणि नवरा-बायको-मुले एकत्र राहू शकतात का, हे पाहावे. बापाला वेगळे ठेवणारा निवारा कुटुंब नाकारते, आणि त्यात चूक नाही. वृद्धांसाठी प्रोवेदोरियात (गोवा सरकारच्या सार्वजनिक साहाय्य संस्थेत) आणि इतर मदतीसाठी कारितास या चर्चच्या सेवासंस्थेकडे विचारणा करावी. जोडीतील प्रत्येकाजवळ रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर आपत्तीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक असावेत.

तीन राजांच्या फेस्तानंतर, म्हणजे ६ जानेवारी उलटल्यावर, त्याच जोड्यांनी पुन्हा फेरी मारावी, कोणते कुटुंब हलले आणि कोणाचा अर्ज कुठे अडला याची नोंद घ्यावी, आणि उरलेली रक्कम पुढच्या नाताळासाठी न ठेवता मेच्या मध्यावर नव्या ताडपत्र्या घेण्यासाठी बाजूला काढावी. डिसेंबरमध्ये दिलेली ताडपत्री उन्हाने तडकलेली असते, आणि जूनच्या पावसाआधी ती बदलावीच लागते.