न्योन्या लाक्सा: रेम्पा परतायला अर्धा तास द्या

लाक्सा, म्हणजे नारळाच्या दुधाच्या तिखट रश्श्यातल्या शेवया, घरी केला पण कच्चट लागला, असं कुणी म्हणालं की मी एकच विचारते: त्याचं वाटण, म्हणजे रेम्पा, किती वेळ परतलात? उत्तर बहुतेक वेळा 'सात-आठ मिनिटं' असंच येतं. अशा वेळी नारळाचं दूध वाढवा, चिमूटभर साखर घाला असले सल्ले देणाऱ्यांचा मला राग येतो. वाटण कच्चं राहिलं की पुढे कशानंही ते सुधारत नाही.

मलेशियातलं मलाक्का आणि पेनांग, तसंच सिंगापूर इथे स्थायिक झालेले चिनी व्यापारी आणि तिथल्या स्थानिक बायका, यांचे वंशज म्हणजे पेरानाकान. त्यांच्यात पुरुषांना बाबा म्हणतात, बायकांना न्योन्या. रेम्पा म्हणजे त्यांचं ओलं वाटण, आणि बहुतेक कालवणांचा जीव त्यातच असतो. मी तो सिंगापुरात, काटोंगजवळ राहत असताना शेजारच्या बिबिककडून शिकले. वयस्कर न्योन्या बाईंना तिथे आदरानं बिबिक म्हणतात. माप विचारलं की त्या 'अगाक-अगाक' म्हणायच्या, म्हणजे अंदाजानं. शेवटी त्यांनी ताटात काढलेला एकेक जिन्नस काट्यावर ठेवून मी वजनं लिहून घेतली.

चौघांसाठी 15 सुक्या लाल मिरच्या (ब्याडगी उत्तम, बिया काढून भिजवलेल्या), 250 ग्रॅम छोटे सांबार कांदे, गवती चहाच्या 4 कांड्या, 30 ग्रॅम गलांगल (आल्यासारखा दिसणारा कंद), बोटभर ओली हळद, 6 कॅण्डलनट (तेलकट बिया), 40 ग्रॅम भिजवलेले सोडे, 20 ग्रॅम बलाचान आणि 150 मिली तेल.

गवती चहाची पात चालत नाही, बुडाचा पांढरा भागच हवा. गलांगलच्या जागी आलं घालू नका, चव पार वेगळी होते. कॅण्डलनट मिळाले नाहीत तर काजू घ्या. मिळाले तर कच्चे तोंडात टाकू नका, ते विषारी असतात, शिजल्यावरच खायचे. बलाचान म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची वडी. तिच्याऐवजी सुका जवळा वाटून घातला तर तिचा वास येत नाही, कारण जवळा फक्त वाळवलेला असतो. वडी तव्यावर भुसभुशीत होईपर्यंत भाजा, खिडक्या उघड्या ठेवून.

वाटताना आधी गवती चहा आणि गलांगल बारीक करा, मग मिरच्या, हळद, कॅण्डलनट, आणि कांदे, सोडे, बलाचान शेवटी. मिक्सर अडला तर पाणी न घालता मोजलेल्या तेलातलं दोन चमचे घाला. इथे घातलेलं प्रत्येक चमचा पाणी पुढे कढईत आटवावं लागतं.

आता परतणं. माझी दोन वर्षं इथे वाया गेली, आणि कारण आपल्या स्वयंपाकघरातलंच होतं. 'तेल सुटेपर्यंत परता' हे मला लहानपणापासून ठाऊक. पण कोल्हापुरी रश्श्याचं कांदा-खोबरं आधी भाजून मग वाटलेलं असतं, त्यामुळे त्याला तेल लवकर सुटतं. रेम्पात सगळं कच्चं आणि ओलं. त्यातलं पाणी उडेपर्यंत वाटण परतलं जात नाही, नुसतं उकळत असतं.

फसवणूक पहिल्या पाच मिनिटांतच होते. कडेनं तेल दिसतं आणि वाटतं, झालं. ते तेल सुटलेलं नसतं, अजून आत शिरलेलंच नसतं. पुढे वाटण ते सगळं पिऊन टाकतं, कोरडं दिसतं, तळाला धरायला लागतं. इथे घाबरून पाणी शिंपडलंत की आधीची मेहनत गेली. आच मंद करा आणि उलथन्यानं तळ खरवडत राहा. जाड बुडाचीच कढई घ्या. पातळ भांड्यात मी तीनदा करपवला, आणि करपल्याचा कडूपणा कशानंही जात नाही.

बिबिक पाठमोऱ्या असतानासुद्धा 'अजून नाही' म्हणायच्या, कारण त्यांचं लक्ष आवाजाकडे असे. सुरुवातीला बुडबुड्यांचा फदफद आवाज येतो, पाणी संपलं की तो बारीक चुरचुरीवर येतो. कांद्याचा उग्र वास जातो, रंग केशरीवरून विटकरी होतो, वाटण कढईत एकत्र गोळा व्हायला लागतं आणि त्यातून लालभडक तेल पुन्हा बाहेर येतं. मलय भाषेत याला 'पचाह मिन्याक' म्हणतात, तेल फुटणं. मला मंद आचेवर 25 ते 30 मिनिटं लागतात. घड्याळ आणि खूण जुळली नाहीत तर खुणेवर विश्वास ठेवा.

पुढचं सोपं आहे. कोळंबीच्या डोक्यांचं एक लिटर पाणी घालून पंधरा मिनिटं उकळा. मीठ, थोडी साखर, तळलेले टोफू घाला. आच मंद करून 400 मिली दाट नारळाचं दूध घाला आणि खळखळू देऊ नका, फाटतं. कोळंबी दोन-तीन मिनिटंच शिजवा.

वाडग्यात उकडलेल्या जाड तांदळाच्या शेवया आणि मोड आलेले मूग घ्या, वरून रस्सा ओता. काटोंगमध्ये शेवया आधीच आखूड कापतात, म्हणजे नुसत्या चमच्यानं खाता येतं. सगळ्यात शेवटी लाक्साची पानं, दाउन केसुम, बारीक चिरून. ती नसतील तर कोथिंबीर घालू नका, तसाच वाढा.