कोळशावरची फिरती कोंबडी: वरून करपलेली, आतून कच्ची

खारघरला आमच्या गच्चीवर मोटरने फिरणाऱ्या सळईवर अख्खी कोंबडी भाजताना दोनदा असंच झालं. कातडी काळी, मांडीच्या हाडापाशी मांस कच्चं. चूक कोळशात होती. मी निखारे थेट कोंबडीखाली पसरत होतो. चरबी ठिबकली की भडका! आता निखारे दोन्ही कडांना, मधोमध थोडं पाणी घातलेला ट्रे. अर्ध्या तासाने पेटलेले कोळसे आणखी घालतो. पाय-पंखही सुती दोऱ्याने घट्ट बांधायचे, हे फार महत्त्वाचं. सैल राहिले तर वजन एका बाजूला जातं, सळई अडखळते, मोटरवर ताण येतो. सव्वा किलोच्या कोंबडीला सव्वा तास लागला. मांडीत थर्मामीटरने 74 अंश दाखवल्यावरच उतरवली. दहा मिनिटं तशीच ठेवली. आईने तंगडी मोडून पाहिली, रस अगदी स्वच्छ होता.