पहिला अंक संत्र्यावर काढा: फोटो आणि पानाची मांडणी एकत्र कशी शिकावी

नागपुरात राहून मासिक काढायला शिकायचं असेल, तर माझा सल्ला सरळ आहे. पहिला अंक फक्त १६ पानांचा काढा, आणि तो संत्र्यावर काढा. विषय घरचा आहे, बाजार शहरातच भरतो आणि वर्षातून दोनदा संधी मिळते: आंबिया बहाराची (म्हणजे एका हंगामाच्या फुलोऱ्याची) संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. शिवाय छपाईत सगळ्यात जास्त रडवणारा रंग म्हणजे नारंगी. तो एकदा हाताखाली आला की बाकीच्या रंगांची भीती राहत नाही.

बहुतेक जण फोटोग्राफीचा क्लास एकीकडे लावतात आणि डिझाइनचा दुसरीकडे. मीही तसंच केलं होतं. मग फोटो हाती येतात ते सुंदर, पण मथळा ठेवायला त्यांत बोटभरही मोकळी जागा नसते. उभ्या पानासाठी सगळे आडवेच फोटो असतात. आणि ज्या चेहऱ्यासाठी फोटो काढला तो नेमका पानाच्या घडीत जातो. मासिकाचा फोटो पानासाठी काढायचा असतो. म्हणून दोन्ही गोष्टी एकाच अंकावर, एकाच वेळी शिका.

आधी डमी, मग कॅमेरा

ए-फोर आकाराचे चार कोरे कागद एकावर एक ठेवा, मधून दुमडा, घडीवर दोन पिना मारा. १६ पानांची ए-फाइव्ह पुस्तिका तयार झाली. हीच तुमची डमी, म्हणजे अंकाचा कच्चा नमुना. प्रत्येक पान १४८ बाय २१० मिलिमीटरचं. आता पानांवर १ ते १६ आकडे घाला आणि पिना काढून कागद सुटे करा. पहिल्या कागदाच्या एका बाजूला १ आणि १६ आलेले दिसतील, पाठीमागे २ आणि १५. कुठलीही बाजू घ्या, दोन पानांची बेरीज १७ येते. छापखान्यात पानं याच जोडीने छापली जातात. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: समोरासमोरची पानं एकाच कागदावर सलग येतात ती फक्त ८ आणि ९. दोन पानांवर पसरणारा मोठा फोटो तिथेच टाका. इतरत्र टाकलात तर दोन वेगळ्या कागदांवरचे अर्धे-अर्धे तुकडे घडीपाशी केसभर तरी सरकतातच.

सेंटर पिनच्या अंकाची पानं चारच्या पटीत असावी लागतात, हेही इथेच हाताला समजतं. मग डमी पुन्हा जोडा आणि पेन्सिलीने भरा. कव्हर, अनुक्रम, एका शेतकऱ्याची मुलाखत, बाजाराची फोटोकथा, एक पाककृती, मलपृष्ठ. जिथे फोटो तिथे चौकट, जिथे मजकूर तिथे रेघा. कॅमेरा हातात घेण्याआधी किमान एक संध्याकाळ या डमीला द्या. मंडीत जाताना ती खिशात ठेवा.

रद्दीतले जुने अंक

रद्दीवाल्याकडून किलोवर पाच-सहा जुने दिवाळी अंक आणा. मराठी दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची आहे, म्हणजे शिकायला भरपूर माल आहे. आवडलेल्या पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त चौकटी गिरवा. पट्टीने समास मोजा. विदर्भ साहित्य संघाचं ‘युगवाणी’ आणि एखादा फोटोंनी भरलेला अंक शेजारी-शेजारी ठेवा. वाचायचं पान आणि बघायचं पान यांचे समास, ओळींमधलं अंतर, मथळ्यांचं वजन कसं वेगळं असतं ते पाहा. दहा पानं गिरवलीत तरी डोळा बदलतो.

एक संत्रं, एक खिडकी

बाजारात जाण्यापूर्वी घरी एक तास द्या. टेबल खिडकीजवळ ठेवा, पण मधे उभं राहता येईल एवढी जागा सोडा, घरातले दिवे बंद करा, संत्रं खिडकीपासून हातभर अंतरावर. आधी खिडकीकडे पाठ करून फोटो काढा. प्रकाश समोरून पडतो, संत्रं सपाट, चिकटवलेल्या टिकलीसारखं दिसतं. आता खिडकी तुमच्या डाव्या हाताला येईल असे उभे राहा. सालीवरचं एकेक छिद्र उठून येतं, कारण आता प्रत्येक छिद्राची स्वतःची इवलीशी सावली पडते. उजवी बाजू फार काळी वाटली तर तिकडे एक पांढरा कागद उभा धरा. परतून आलेल्या प्रकाशाने सावली मऊ होते. मग संत्रं सोला आणि एक फोड खिडकीसमोर धरा. उजेड फोडीतून आरपार येतो, आतल्या रसाच्या पाकळ्या, बी, पांढरे धागे सगळं दिसतं. हा तुमच्या कव्हरचा फोटो होऊ शकतो.

मोबाइल असेल तर चौकटीच्या रेषा सुरू करा, संत्र्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड तिथेच थांबतो, मग बोट खाली सरकवून उजेड थोडा कमी करा. कॅमेरा असेल तर तीन गोष्टी एकेक करून बदलून पाहा. अॅपर्चर, म्हणजे भिंगातलं उजेड आत सोडणारं छिद्र, मोठं उघडलं (एफ २.८) की मागचं सगळं धूसर होतं, एफ ८ केलं की टेबलावरची सालंही स्पष्ट येतात. शटर हालचाल थांबवतं किंवा वाहू देतं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवला की कमी उजेडातही फोटो मिळतो, पण दाणे दिसू लागतात. एकाच संत्र्याचे तीस फोटो काढलेत की हे पाठ करावं लागत नाही.

कळमन्याची सकाळ

संत्र्यांचा घाऊक बाजार जिथे भरतो त्या कळमना मार्केटला सकाळी लवकर पोहोचा. हिवाळ्यात उशिरापर्यंत उजेड कलता आणि मऊ राहतो, आंबियाची आवकही तेव्हाच असते. मृगाच्या हंगामात मार्च लागला की नऊनंतरच डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडायला लागतात, तेव्हा सरळ शेडच्या कडेला उभे राहा.

पहिला अर्धा तास कॅमेरा बाहेर काढू नका. माल कुठे उतरतो, बोली कुठे लागते, कोण कुणाशी बोलतं ते बघा. कुणीतरी विचारतंच, “काहून काढून राहिले जी फोटो?” खरं सांगा: संत्र्यावर छोटा अंक काढतोय, तुमचा फोटो छापला तर चालेल का? नाही म्हटलं तर तो विषय तिथेच संपला. हो म्हटलं तर नाव, गाव आणि प्रत कुठे पोहोचवायची तेही वहीत लिहून घ्या. फोटोखालची ओळ याच वहीतून येते. लहान मुलांचा फोटो असेल तर आई-वडिलांना विचारल्याशिवाय छापायचा नाही.

मग डमी उघडून बघा आणि तिच्या मागणीप्रमाणे काढा. फोटोकथेला पाच तऱ्हेचे फोटो लागतात: पूर्ण शेड दाखवणारा दुरून, काम करणारी माणसं मधल्या अंतरावरून, फळं निवडणारे हात अगदी जवळून, एक चेहरा, आणि एखादी बारीक गोष्ट, जसं क्रेटच्या कडेला लागलेलं हिरवं पान. फळं निवडणारे हात फार झपाट्याने चालतात, शटरचा वेग १/२५० सेकंदापेक्षा कमी झाला की बोटं पुसट होतात. प्रत्येक चांगली चौकट उभी आणि आडवी, दोन्ही काढा. मथळ्यासाठी वर किंवा बाजूला साधी मोकळी जागा सोडा. ८-९ पानांचा फोटो काढताना मधोमध कुणाचा चेहरा येऊ देऊ नका.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही: निळ्या ताडपत्रीखाली संत्रं मळकं दिसतं. डोळा ते सांभाळून घेतो, कॅमेरा नाही. अशा जागी पहिला फोटो एका पांढऱ्या कागदाचा काढा, म्हणजे नंतर रंग दुरुस्त करताना खरा पांढरा कुठला ते कळतं.

घरी आल्यावर मूळ फाइली तशाच जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली चित्रं आकसतात, छपाईला उपयोगाची राहत नाहीत. पाठवायचेच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. छपाईला ३०० पिक्सेल प्रति इंच हवेत. ए-फाइव्हचं पूर्ण पान म्हणजे १७४८ बाय २४८० पिक्सेल, त्यामुळे १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो पूर्ण पानाला पुरतो. फक्त तो निम्मा कापून मोठा करू नका.

निवड करताना निर्दय व्हा. छोटे प्रिंट काढून जमिनीवर पसरा, सारखे पाच असतील तर एकच ठेवा. फोटो काढताना पडलेले कष्ट आठवून फोटो ठेवू नका, वाचकाला ते दिसत नाहीत.

मराठी अक्षरं पानावर

पानं लावण्यासाठी स्क्रायबस हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं; १.६ किंवा त्यानंतरची आवृत्ती घ्या, कारण जुन्या आवृत्त्यांत जोडाक्षरं तुटतात. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदाच्या मेन्यूत वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा, नाहीतर ‘शक्ती’चा क आणि त सुटे पडतात. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. फॉन्टसाठी मुक्त, टिरो देवनागरी मराठी, यशोमुद्रा हे चांगले आणि मोफत आहेत. अंकात दोनच फॉन्ट वापरा, एक मजकुराला, एक मथळ्याला.

फॉन्ट पक्का करण्याआधी मी नेहमी एक ओळ टाइप करून पाहतो, ज्यात ‘दऱ्याखोऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘ॲड’, ‘शृंगार’ आणि ‘उद्ध्वस्त’ आहेत. ऱ्या नीट उमटला नाही तर तो फॉन्ट मराठीच्या कामाचा नाही. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी, तेही याच ओळीत आणि ‘लिलाव’ या शब्दात कळतं. ज्या भाषेत आपण अंक काढतो तिची अक्षरं तिच्याच वळणाची असावीत, एवढा आग्रह धरायलाच हवा.

देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींत जागा जास्त लागते. अक्षर १०.५ पॉइंट असेल तर ओळींचं अंतर १५ ते १६ पॉइंट ठेवा. अरुंद रकान्यात मजकूर दोन्ही कडांना ताणू नका. मराठी शब्द लांब, त्यामुळे मधे भोकं पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी ठेवा. घडीकडचा समास बाहेरच्यापेक्षा मोठा ठेवा: आत १८, बाहेर १२ मिलिमीटर चालतील.

नारंगी छापताना

माझ्या पहिल्या अंकातली संत्री छापून आली ती खजुरासारखी. पडद्यावर ती झगमगत होती. छापखान्यातल्या एका जुन्या ऑपरेटरने मला पडद्यापाशी नेलं आणि निळ्याच्या आकड्यावर बोट ठेवलं. छपाई चार शाईंची असते: सायन (निळा), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा. नारंगी तयार होतो मॅजेंटा आणि पिवळ्यातून. सायन हा नारंगीचा विरोधी रंग, तो दहा टक्के जरी मिसळला तरी फळ मातकट होतं. माझ्या फोटोंत ताडपत्रीचा निळा उतरला होता, आणि वरून मी शाई पिणारा मॅपलिथो कागद निवडला होता.

तेव्हा फोटो सीएमवायके, म्हणजे या चार शाईंच्या रंगांत, केल्यावर संत्र्याच्या उजळ भागातला सायन शक्यतो शून्यावर आणा. सावलीच्या भागात थोडा राहू द्या, नाहीतर गोलाई जाते. आतली पानं १३० जीएसएम (कागदाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत कागदावर, घ्या. मॅपलिथोच घ्यायचा असेल तर फोटो पडद्यावर जरा जास्तच उजळ वाटेपर्यंत उजळवा. मजकुराचा काळा फक्त काळ्या शाईचा, १०० टक्के. चार शाईंचा काळा ठेवलात आणि प्लेटा केसभर सरकल्या, तर अनुस्वार आणि मात्रा दुहेरी दिसतात.

पानाच्या कडेपर्यंत जाणारा फोटो कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढवा, कटिंगमध्ये तेवढं जातं. ५०-१०० प्रतींना डिजिटल छपाई परवडते, संख्या बरीच वाढली तर ऑफसेट. पण आधी ठरलेल्या कागदावर एक प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत, काढून घ्या. ते ट्यूबलाइटखाली नको, दाराबाहेर उजेडात नेऊन एका खऱ्या संत्र्याशेजारी धरून बघा. मुद्रितशोधन दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पुढे हा अंक नियमित काढायचं ठरलं, तर १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते, तो अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर होतो.

प्रती हातात आल्या की वहीतले पत्ते काढा आणि पुन्हा कळमन्याला जा. ज्यांचे फोटो छापलेत त्यांना प्रत स्वतःच्या हाताने द्या, आणि ते पानं उलटताना शेजारी उभे राहा. कुठल्या पानावर थांबतात, कुठलं न बघता उलटतात, कुठली ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचावी लागते, ते डमीवर त्या-त्या पानाच्या आकड्याखाली तिथेच लिहून ठेवा. दुसऱ्या अंकाची डमी लावताना हाच कागद समोर लागेल.