दुसऱ्याचा बायस लगेच दिसतो, आपला नाही : वाद घालताना या चुका टाळा

क्रिटिकल थिंकिंगचं, म्हणजे प्रत्येक मत तपासून घ्यायचं, खूळ डोक्यात शिरलं की माणूस दोन दिवस व्हिडिओ बघतो, दहा-बारा बायसची (म्हणजे विचार करताना नकळत होणाऱ्या चुकांची) नावं पाठ करतो आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर दोस्ताला "हा तुझा कन्फर्मेशन बायस हाय भावा", म्हणजे तुला पटतंय तेवढंच तू बघतोयस, असं म्हणून मोकळा होतो. मीपण हेच केलंय. पहिली चूक हीच, कारण नाव ठेवलं की समोरचा गप बसतो पण त्याचं मत काय बदलत नाही, आणि आपलं तपासायचं तर राहूनच जातंय.

भिंतीवरची रेघ

आमचं घर कोल्हापुरात, पंचगंगा नदीच्या बाजूला, सखल भागात. २००५ च्या पुरात घरात गुडघ्याएवढं पाणी आलेलं, ते जिथवर आलं तिथं आबांनी गेरूनं रेघ मारून ठेवली होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर मोजतात ती नदीची पातळी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघाली तेव्हा आम्ही सगळं सामान त्या रेघेच्या वर घेतलं. फ्रिज लोखंडी कॉटवर, तांदळाची पोती टेबलावर, टीव्ही कपाटावर. आबा म्हणले, "पाच सालाला एवढंच आल्तं, ह्याच्या वर येतंय कुठलं!" आणि मीपण मान डोलावली, खोटं कशाला सांगू. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. पूर ओसरल्यावर दार ढकललं तर दार उघडंना, कारण फ्रिज तरंगत तरंगत येऊन आडवा पडला होता दाराच्या मागं, त्याच्यावर वीतभर चिखल.

ह्याला अँकरिंग म्हणतात. एकदा एक आकडा डोक्यात रुतला की पुढचे सगळे अंदाज त्याच्याच आसपास घुटमळतात. अमॉस टव्हर्स्की आणि डॅनियल कानेमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७४ च्या पेपरमध्ये ह्याचा भारी प्रयोग आहे. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवायचं आणि मग विचारायचं की युनायटेड नेशन्समध्ये आफ्रिकेतले देश किती टक्के. ज्यांच्या चक्रावर १० आला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांच्यावर ६५ आला त्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा संबंध काय? काय नाही! आमच्या रेघेचा निदान पुराशी तरी संबंध होता, म्हणून तर ती जास्त फसवी.

इथली दुरुस्ती काय, तर रेघ आजवर काय झालंय तेवढंच सांगते, जास्तीत जास्त काय होऊ शकतं ते सांगत नाही, हे आधी स्वतःला बजावायचं. आणि मग विचारायचं की यंदा काय वेगळं आहे, पाऊस किती दिवस पडायलाय, धरणं किती भरल्यात. आम्ही काय शिकलो म्हणता? एकोणीसची नवी रेघ मारली, दाराच्या चौकटीच्या वर, आणि तिच्यावर विश्वास ठेवून बसलो. २०२१ ला पाणी ५६ च्या पुढं, त्या रेघेच्याही वीतभर वर.

दरवाजे उघडले म्हणून पूर आला

दर पावसाळ्यात ग्रुपवर हे भांडण असतंय. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे उघडले, दुसऱ्या दिवशी पाणी वाढलं, म्हणजे दरवाज्यानंच पूर आणला. आता हे दरवाजे धरण भरलं की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, आणि धरण भरलंय म्हणजे सगळीकडंच दणकून पाऊस झालेला असतोय. राधानगरी भोगावती नदीवर. पंचगंगेला भोगावतीबरोबर कासारी, कुंभी आणि तुळशी ह्या नद्या पण येऊन मिळतात, त्या काय राधानगरीची परवानगी घेऊन येत नाहीत. एकाच पावसानं दरवाजे पण उघडले आणि नदी पण वाढवली. म्हणून विसर्गाचा काहीच वाटा नाही असं नव्हे हां, ते पाणी भर घालतंयच. पण "ह्याच्यानंतर झालं म्हणजे ह्याच्यामुळं झालं" असं वाटायला लागलं की स्वतःला विचारायचं, हे झालं नसतं तरी ते झालं असतं का? आणि दोन्हीच्या मागं तिसरंच काय आहे का?

मावशींची मांजर

एकवीसला शेजारच्या मावशींनी सांगितलं, "मांजरानं पिल्लं माडीवर नेल्यात, पाणी येणार, हलवा सगळं." आम्ही हसलो. पाणी आलं.

इथं चूक दोन्हीकडनं झाली. आमची चूक अशी की कारण फुसकं दिसलं म्हणून आम्ही निष्कर्षच फेकून दिला. युक्तिवाद कच्चा असला म्हणजे निष्कर्ष खोटा ठरत नाही, तो वेगळा तपासायला लागतोय. वादात जिंकायच्या नादात ही चूक हुशार माणसंच जास्त करतात असं माझं मत.

मावशींच्या बाजूची चूक नंतर सुरू झाली, कारण मांजर आता गल्लीची हवामान खातं झाली. मांजर पिल्लं अशीही जागा बदलून नेतच असते. नेली आणि पाणी आलं, हे सगळ्यांना आठवतं. नेली आणि काहीच झालं नाही, हे कोण लिहून ठेवतंय? पीटर वेसन ह्या मानसशास्त्रज्ञानं १९६० ला हेच वेगळ्या पद्धतीनं दाखवलं. २-४-६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही आपले तीन-तीन आकडे सांगून नियम ओळखा. लोक ८-१०-१२ सांगायचे, उत्तर "बरोबर" यायचं, मग २०-२२-२४, परत बरोबर, आणि छाती फुगवून सांगायचे की दोन-दोननं वाढणारे आकडे. नियम नुसता चढत्या क्रमाचा होता. १-७-५० विचारलं असतं तर तिथंच कळलं असतं, पण आपलं मत मोडेल असा प्रश्न विचारायचं सुचतच नाही. म्हणून मत पक्कं करायच्या आधी मी आता एवढंच बघतो, काय दिसलं तर मी चुकलो म्हणीन? उत्तर सापडत नसेल तर ते मत नाही, ती हौस आहे.

पेठ बघून फाऊल

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच बघितलेल्याला हे सांगायची गरज नाही. आपल्या तालमीच्या (इथं फुटबॉलचे संघ पेठांच्या तालमींचे असतात) पोरानं पाडलं तर तो खेळ, समोरच्यानं पाडलं तर रेड कार्ड. १९५१ ला अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथची मॅच झाली (त्यांचा फुटबॉल, आपला नव्हे), तिची फिल्म नंतर दोन्ही कॉलेजच्या पोरांना दाखवली. डार्टमथच्या चुका प्रिन्स्टनच्या पोरांना सरासरी ९.८ दिसल्या, डार्टमथच्या पोरांना ४.३. फिल्म एकच बरं का! ह्यावर उपाय एकच, मनात जर्सी बदलायच्या. हेच वाक्य आपल्या माणसानं टाकलं असतं तर आपण काय म्हणलो असतो? "तू कुठल्या पेठेचा, तुला काय कळतंय" हे उत्तर तोंडात आलं की समजायचं आपल्याकडचा मुद्दा संपलाय.

आता घरात भिंतीवर तीन रेघा आहेत आणि फ्रिजला एक कागद चिकटवलाय, तो मी उन्हाळ्यातच लिहून ठेवतो, डोकं थंड असताना. ३९ फूट, गाडी वरच्या रस्त्याला. ४१ फूट, फ्रिज आणि धान्य माडीवर. ४३ ला आम्ही पाहुण्यांच्यात. त्या दिवशी चर्चा नाही, वाद नाही. आबांना हे पटत नाही. मागच्या पावसाळ्यात कागद बघून म्हणले, "तुमच्या पुस्तकानं काय नदी वाढत नसती." मग दहा मिनिटांनी आतनं आवाज आला, "किती फूट झालं बघ की रं जरा."