लेखात ‘महाराज’ दिसला की आधी काय पाहावं

शिलालेख किंवा ताम्रपट वाचायला नव्यानं बसणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगतो: राजाचं बिरुद पूर्ण उतरवून घ्या, पण त्यावरून राजाची पायरी लगेच ठरवू नका. ‘महाराज’ म्हणजे मोठा राजा असं धरलंत, तर एखाद्या मांडलिकाला सम्राट करून ठेवाल. ‘महाराज’ म्हणजे दुय्यम असं धरलंत, तर विदर्भाच्या वाकाटक राजांवर अन्याय कराल. पायरी ठरते ती दोन गोष्टींवरून. लेखातला काल कुणाच्या गणनेत दिलाय, आणि आधी नाव कुणाचं घेतलंय.

हे बिरुद आपल्या हाती पहिल्यांदा ठळकपणे येतं ते वायव्येकडच्या ग्रीक राजांच्या नाण्यांवर. एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत ‘महरजस’. तिथं त्याच्यावर दुसरं कुणी नाही. कुषाणांनी त्याला जोड दिली, ‘महाराज राजातिराज देवपुत्र’. पुढं प्रयागच्या स्तंभावर समुद्रगुप्ताची वंशावळ पाहा. पणजोबा श्रीगुप्त महाराज, आजोबा घटोत्कच महाराज, वडील चंद्रगुप्त मात्र महाराजाधिराज. एकाच ओळीत घराण्याचं चढणं दिसतं. आणि वर नवी पायरी आली की जुनी आपोआप खाली सरकते. म्हणून बुंदेलखंडाकडच्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटात ‘महाराज’ भेटला की लगेच काल शोधा. तिथं गुप्त संवत असतो आणि ‘गुप्तनृपराज्यभुक्तौ’, म्हणजे गुप्त राजांचं राज्य चालू असताना, असं स्पष्ट म्हटलेलं असतं. प्रश्न मिटला, हे महाराज गुप्तांच्या छायेतले.

आता हीच कसोटी वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या पुणे ताम्रपटाला लावा. सरावासाठी याच्याइतका चांगला लेख आपल्याकडे दुसरा नाही, असं माझं ठाम मत आहे. राणी सुरुवात माहेरापासून करते. वडील दुसरा चंद्रगुप्त महाराजाधिराज, पती रुद्रसेन ‘वाकाटकानां महाराज’, मुलगा दिवाकरसेन युवराज. नुसती बिरुदं लावून पाहिली, तर सासर माहेरचं मांडलिक ठरतं, आणि माहेरचं नावही आधी आलंय. घाई करू नका. काल पाहा: ‘तेरावं वर्ष’ एवढंच, म्हणजे राज्यवर्ष, राज्य सुरू झाल्यापासून मोजलेलं. गुप्त संवताचा पत्ता नाही. दान वाकाटकांच्या राजधानीहून, नंदिवर्धनाहून दिलंय, त्यासाठी कुणाची परवानगी घेतल्याचा उल्लेख नाही. मुद्रेवरचा श्लोक ‘वाकाटकललामस्य’ असा सुरू होतो आणि ‘शासनं रिपुशासनम्’ असा संपतो. ती युवराजाच्या आईची मुद्रा आहे, सम्राटाच्या लेकीची नव्हे. शिवाय याच घराण्यातला पहिला प्रवरसेन चार अश्वमेध करून ‘सम्राट’ म्हणवून गेला होता. त्याच्या वंशजांनी ‘महाराज’वरच समाधान मानलं, वत्सगुल्म शाखेनं ‘धर्ममहाराज’ वापरलं. माहेरचा मान मोठा होता आणि वजनही होतं, पण वाकाटकांचं राज्य त्यांचंच होतं. हा निष्कर्ष बिरुदातून निघत नाही, काल आणि मुद्रा यांतून निघतो.

एका माणसाचे दोन लेख मिळाले तर ते शेजारी ठेवा. शक राजा नहपान नाशिकच्या लेण्यात क्षत्रप, म्हणजे प्रांताधिपती आहे, जुन्नरच्या ४६ व्या वर्षाच्या लेखात महाक्षत्रप. राष्ट्रकूट दंतिदुर्ग वेरूळच्या ताम्रपटात ‘समधिगतपंचमहाशब्द’ आणि महासामंताधिपती आहे. पाच वाद्यांचा मान मिळालेला, म्हणजे तो मान देणारा कुणीतरी वर आहेच. हा समास दिसला की तिथं खूण करा. शके ६७५ च्या सामानगड ताम्रपटापर्यंत चित्र पालटलेलं असतं, बदामीच्या चालुक्यांची सत्ता त्यानं घेतलेली असते.

‘परमेश्वर’ शब्दाला फसू नका. दुसऱ्या पुलकेशीला हे नाव हर्षाच्या पराभवातून मिळालं, असं चालुक्यांचे लेख अभिमानानं सांगतात. पण उत्तर कोकणचे शिलाहार स्वतःला ‘तगरपुरपरमेश्वर’ म्हणतात, ते आपलं मूळ तगरला, म्हणजे आजच्या तेरला आहे हे सांगण्यासाठी. शहराच्या नावाला चिकटलेलं बिरुद बहुधा कुळाची आठवण असते. यादवांचं ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’ तसंच. शिलाहार अपराजिताचा शके ९१९ चा भादाण्याचा ताम्रपट जरूर वाचा. शिलाहारांचे जुने स्वामी राष्ट्रकूट बुडाले आहेत, तरी त्यांची वंशावळ तो आधी देतो. ज्यांनी त्यांना बुडवलं त्या कल्याणीच्या चालुक्यांना मात्र स्वामी म्हणत नाही. मला हा लेख दर वेळी हलवून जातो.

मराठी कागदांनाही हीच रीत लावा. शिवरायांच्या ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ मुद्रेत एकही राजबिरुद नाही, फक्त शहाजीपुत्र शिव. १६७४ नंतरच्या पत्रांत मात्र ‘क्षत्रियकुलावतंस श्री राजा शिवछत्रपती’ येतं, आणि त्याच्या आधी राज्याभिषेक शक. बिरुद आणि कालगणना दोन्ही स्वतःची, म्हणजे सार्वभौमत्वाबद्दल शंकाच उरत नाही. तांब्याच्या शिवराईवरही ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ एवढंच.

प्रत्यक्ष काम करताना लेखाच्या कागदी ठशावर किंवा दगडावर उजेड बाजूनं, तिरपा पाडा. ‘श्री’सुद्धा न गाळता बिरुद उतरवा. शेजारच्या रकान्यात काल, कुणाची गणना आणि पहिलं नाव लिहा. मग पेशव्यांच्या शिक्क्यांवर हात बसवा. माधवरावांच्या शिक्क्यात ‘श्री राजाराम नरपति हर्षनिधान’ आधी येतं आणि ‘माधवराव बल्लाळ मुख्य प्रधान’ नंतर. हा राजाराम म्हणजे तेव्हाचे साताऱ्याचे छत्रपती रामराजे; पहिल्या नावाच्या रकान्यात तिथं राजारामच लिहायचं.